मुगाचे पाणी आणि एक मुहूर्त

श्रावण सरू लागला की लातूरच्या बाजारपेठेत दोन पाहुणे जवळपास एकाच वेळी येतात. एक नवा मूग आणि दुसरे पर्युषण पर्व. जूनच्या पावसावर पेरलेला मूग साठ-सत्तर दिवसांत काढणीस येतो, आणि स्थानकात प्रवचनांना गर्दी होऊ लागते त्याच दिवसांत आडतीच्या दारात मुगाच्या गाड्या लागतात. व्यापारी घरातील पुरुषांची या आठवड्यात नेहमीच ओढाताण होते. सकाळी प्रवचन, दुपारी सौदा, सायंकाळी प्रतिक्रमण. घरातील स्त्रिया मात्र या काळात बहुधा एकच गोष्ट करतात आणि ती मनापासून करतात. त्या तप करतात.

अशाच एका आडतीच्या घरातील ही हकीकत आहे. गृहस्थांचे वय ६७. मुगाच्या व्यापारात त्यांची चाळीस वर्षे गेलेली. मूठभर दाणे तळहातावर घेतले की ओलावा किती, डागी दाणा किती, माल कोणत्या बाजूच्या रानातला, हे ते डोळे मिटून सांगत. दाताखाली एक दाणा फोडला की त्याच्या आवाजावरून भाव ठरत असे. परंतु ज्या धान्यावर घर चालले, त्याची एक वाटीदेखील त्यांनी आयुष्यात कधी शिजवली नव्हती. शिजवावी लागेल असे कोणी म्हटलेही नव्हते.

त्यांच्या पत्नीने त्या वर्षी अठाई केली होती. अठाई त्यांना नवी नव्हती, हे अकरावे वर्ष होते. त्या वर्षी नवे एवढेच की सुनेनेही अठाईचे पचक्खाण घेतले होते आणि तिची ती पहिलीच वेळ होती. आठ दिवस दोघी केवळ उकळलेल्या पाण्यावर होत्या, तेही सूर्यास्तापूर्वीच. घराचा स्वयंपाक कसाबसा निभावून नेला जात होता.

संवत्सरीच्या रात्री प्रतिक्रमण आटोपून सर्वजण घरी परतले. गृहस्थांनी दिवाणखान्यात बसून भ्रमणध्वनीवरून तीनशेच्या वर आप्तेष्टांना, आडत्यांना, खरेदीदारांना ‘मिच्छामि दुक्कडम्’चा संदेश धाडला. पत्नीला तो शब्द त्यांनी स्थानकाच्या पायऱ्या उतरता उतरताच म्हटला होता, आणि तिनेही तितक्याच सहजपणे हात जोडले होते. क्षमापना पूर्ण झाली, असे समजून ते उठले. तेव्हा आतल्या खोलीतून दोन थकलेले आवाज त्यांच्या कानी आले.

“बाईजी, सकाळी मूग मी लावते. तुम्ही पडून राहा.”

“तुझी पहिली अठाई आहे, बाळा. चक्कर येईल. मी उठते. दरवर्षी मीच लावते ना.”

‘दरवर्षी’ या शब्दापाशी गृहस्थ थबकले. दहा पारणी त्यांनी पाहिली होती. प्रत्येक पारण्याला त्यांनी पाटावर बसून, नातेवाइकांच्या गराड्यात, छायाचित्रासाठी चमचा धरून पत्नीला पहिला घोट दिला होता आणि दुसऱ्या घोटाआधी चपला घातल्या होत्या, कारण बाजारात नव्या मुगाच्या गाड्या लागलेल्या असत. पारण्याचे पाणी कोठून येते हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. ते स्वयंपाकघरातून येई. आठ दिवस उपाशी असलेली बाईच पहाटे उठून स्वतःच्या पारण्याचे मूग शिजवते, हे त्यांना त्या रात्री प्रथम उमगले.

ते दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मूग मी लावतो.”

खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग पत्नी म्हणाल्या, “अहो, गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते तरी ठाऊक आहे का?”

“उद्या कळेल,” गृहस्थ उत्तरले.

सकाळी उजेड नीट फुटल्यावर त्यांनी ताटात वाटीभर मूग घेतले आणि खिडकीपाशी निवडायला बसले. हे काम त्यांच्या हातचे होते. बाजारात याच हातांनी त्यांनी खडा, किडका दाणा, डागी दाणा शोधला होता, परंतु तो शोध भाव पाडण्यासाठी असे. येथे दाण्यात कोणी जिवंत तर नाही ना, एवढ्यासाठी पाहायचे होते. एक बारीक भुंगेरा सापडला. तो त्यांनी चार दाण्यांसह वाटीत अलगद घेतला आणि अंगणातील कोरड्या, सावलीच्या जागी ठेवून आले. नजर चाळीस वर्षांची तीच होती. त्या सकाळी तिचे प्रयोजन बदलले.

सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास झाला. पत्नीने अंथरुणावरूनच सांगितले होते त्याप्रमाणे त्यांनी शेगडीवरून पुंजणी फिरवली, पाणी जाड गाळण्याने गाळून घेतले, मूग तीन पाण्यांनी धुतले आणि एका वाटीस आठ वाट्या पाणी घालून मंद आचेवर पातेले ठेवले. मूग रात्री भिजत घातले नव्हते. भिजून अंकुर फुटलेले धान्य अनंतकाय मानले जाते, म्हणून कित्येक घरांत पारण्याचे मूग भिजवत नाहीत, थेट शिजवतात. त्यास वेळ अधिक लागतो, इतकेच.

तो वेळ किती, याचा एक सुंदर योग येथे जुळून येतो. सूर्योदयापासून नवकारशीपर्यंत ४८ मिनिटांचा, म्हणजे एका मुहूर्ताचा काळ असतो. मंद आचेवर न भिजवलेले मूग फुटायलाही साधारण तितकाच काळ लागतो. सामायिकाचा काळही तोच. स्वयंपाकाला सामायिक म्हणता येणार नाही. चूल पेटली की अग्निकायाचा आरंभ आलाच, आणि सामायिकात तर सर्व सावद्य क्रियांचा त्याग असतो. तथापि ज्याला ४८ मिनिटे एका आसनावर बसण्याची सवय आहे, त्याला ४८ मिनिटे एका पातेल्यापाशी उभे राहणे जड जाऊ नये.

गृहस्थांना मात्र ते जड गेले. पंधराव्या मिनिटाला बाजारातून निरोप आला. त्यांनी भ्रमणध्वनी हातात घेतला, नजर पडद्यावर गेली आणि तेवढ्यात मुगाचा फेस चढून शेगडीवर उतू गेला. ज्योत विझली. आतून पत्नीचा क्षीण आवाज आला, “झाकण अर्धंच ठेवा.” त्यांनी शेगडी पुसली, फेस पळीने काढून टाकला, पुन्हा आच लावली आणि भ्रमणध्वनी डब्यांच्या फडताळात ठेवून दिला. मग काही करण्यासारखे उरले नाही म्हणून ते पातेल्याकडे पाहू लागले.

दाणे प्रथम तळाशी निमूट बसून होते. मग एकेक वर येऊन खाली जाऊ लागला. पाण्याचा रंग पिवळसर झाला, पुढे हिरवट. सालीला चीर पडली. घरभर एक साधा, मातकट, गोडसर वास पसरला. हा वास बाजारात पोत्यांना येत नाही. ज्या मालाची त्यांनी हजारो क्विंटलांनी उलाढाल केली, त्याचा वास त्यांना वयाच्या ६७ व्या वर्षी कळला.

पाणी गाळून घेताना तळाशी तीन दाणे तसेच टणक राहिलेले त्यांना दिसले. मराठीत अशा दाण्याला ‘गणंग’ म्हणतात आणि प्रवचनांतून ‘कोरडू मूग’ या नावाने त्याचा दृष्टांत श्रावकांनी ऐकलेला असतो. कितीही उकळला तरी न शिजणारा दाणा म्हणजे कधीही मोक्षास न जाणारा अभव्य जीव. गृहस्थांनी ते दाणे बोटांत दाबून पाहिले आणि थोडा वेळ हातातच धरले. सामान्य गृहस्थाचा टणकपणा बहुधा त्या जातीचा नसतो. त्याला पुरेशी आच आणि पुरेसा वेळ मिळालेला नसतो, एवढेच. ते तीन दाणे त्यांनी पुन्हा पातेल्यात टाकले आणि आच चालू ठेवली. दहा मिनिटांनी पाहिले तेव्हा त्यांतील दोन फुटले होते.

नवकारशीची वेळ केव्हाच होऊन गेली होती, परंतु दोघी तपस्विनींना घाई नव्हती. दोघींनी नवकार म्हणून पचक्खाण पारले. त्या वर्षी छायाचित्रे नव्हती. गृहस्थांनी पत्नीला चमच्याने पहिला घोट दिला. मुलाने आपल्या पत्नीला पहिला घोट दिला आणि तो लगबगीने उठला. त्याचा एक पाय चपलेत गेलाही होता.

“दहा मिनिटे बस,” गृहस्थ म्हणाले.

“बाबूजी, गाड्या लागल्यात.”

“लागू देत. बस.”

मुलगा बसला. त्या दहा मिनिटांत कोणी फारसे बोलले नाही. पत्नी एक चमचा तोंडात घेत, तो तेथेच थोडा वेळ धरीत, मग गिळीत, आणि पुढच्या चमच्यापूर्वी हात मांडीवर ठेवीत. अर्धी वाटी पाण्याला त्यांना पाव तास लागला. ४३ वर्षांच्या संसारात पत्नी कशी जेवते हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. ते वाढून घेत, जेवत आणि उठत, आणि ती मागाहून बसत असे.

दोघींचे झाल्यावर गाळून उरलेले मूग त्यांनी स्वतःच्या ताटात घेतले. पहिल्या घासालाच ते थांबले. मूग अगदी अळणी होते. सैंधव, सुंठ, मिरे सारे ओट्यावर काढून ठेवलेले तसेच राहिले होते.

“मीठ राहिलं. सांगितलं का नाहीस?”

“आठ दिवसांनी मुगाची चव कळली,” पत्नी म्हणाल्या. “मीठ असतं तर मिठाचीच लागली असती.”

आहारासंबंधी जैन शास्त्रांनी जो सूक्ष्म विचार केला आहे, त्याचे सार या एका उत्तरात आले आहे. साधूंच्या भोजनाविषयी मांडलीचे पाच दोष सांगितले जातात. चवीसाठी एका पदार्थात दुसरा मिसळणे ही संयोजना. मर्यादेपेक्षा अधिक खाणे हे अप्रमाण. रुचकर अन्नाची आसक्तीने वाखाणणी करीत जेवणे हा अंगार दोष, कारण त्याने चारित्र्याचे जळून कोळसे होतात. बेचव अन्नाला नावे ठेवीत, कुरकुरत जेवणे हा धूम दोष, कारण त्याने चारित्र्य धुराने काळवंडते. आणि योग्य कारण नसताना खाणे हा अकारण दोष. हे दोष साधुजीवनासाठी सांगितले असले, तरी त्यांतील अंगार आणि धूम रोज प्रत्येक गृहस्थाच्या ताटाभोवती असतात. सुनेने केलेल्या भाजीत मीठ कमी पडले की धूर निघतो, लग्नाच्या पंगतीत मिठाई चांगली झाली की निखारे फुलतात. आठ दिवस उपाशी असलेल्या स्त्रीने अळणी पाणी धुराविना आणि अंगाराविना घेतले. अठाईइतकेच ते अर्ध्या वाटीचे पारणेही तपच होते.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात जी सहा बाह्य तपे सांगितली आहेत, त्यांत अनशन म्हणजे उपवास पहिला आणि त्याच्या लगोलग अवमौदर्य, ज्याला आपण ऊणोदरी म्हणतो, ते दुसरे. रसपरित्यागही त्याच सहांत येतो. आगमग्रंथांत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा मानला आहे. त्याहून एक घास कमी घेतला तरी ऊणोदरी घडते. हिशेब अगदी सोपा आहे, परंतु तो ठेवायचा तर घास मोजावे लागतात, आणि घास मोजायचे तर लक्ष ताटातच असावे लागते. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे, बोलणे यांबरोबर जेवणेही यतनेने करावे, असा उपदेश आहे. उपवासात अन्न समोरच नसते, मोह दारापाशी अडतो. ऊणोदरीत तो ताटात येऊन बसतो आणि तेथे त्याला थांबवायचे असते. म्हणून अठाई करणाऱ्या कित्येकांना ऊणोदरी अधिक कठीण वाटते.

आज या यतनेचा मोठा शत्रू भ्रमणध्वनी आहे. उष्ट्या तोंडाने, उष्ट्या हाताने अक्षरांना स्पर्श करू नये, वाचू नये, ती ज्ञानाची आशातना होय, हे आपल्या घरांतून लहान मुलांनाही शिकवले जाते. वर्तमानपत्राच्या कागदावर खाऊ घेतलेला आजीला चालत नसे. पडद्यावरची अक्षरे ही देखील अक्षरेच आहेत. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात, असे आहारतज्ज्ञ सांगतात. भाव पाहत सात मिनिटांत आटोपलेल्या जेवणात ती जाणीव पोहोचण्यापूर्वीच चौथी पोळी संपलेली असते.

ज्या घरांत येत्या चातुर्मासात पारणी होतील, त्यांच्यासाठी मुगाच्या पाण्याची रीत येथे एकत्र देणे उपयुक्त ठरेल. दोन माणसांस एक वाटी हिरवे, सालीचे मूग पुरतात. ते उजेडात निवडून, धुऊन, आठ वाट्या गाळलेल्या पाण्यात मंद आचेवर पाऊण तास शिजवावेत. झाकण अर्धे ठेवावे आणि येणारा फेस काढून टाकावा. दाणे फुटले की न घोटता पाणी गाळून घ्यावे. त्यात चवीपुरते सैंधव, चिमूटभर सुंठ आणि मिरेपूड घालावी. ओले आले जमीकंदात मोडते, म्हणून सुंठच वापरतात. सोसत असेल तर अर्धा चमचा तुपात जिरे तडतडवून वरून द्यावे. पाणी कोमट असावे. प्रथम दोन-तीन चमचे, मग अर्धी वाटी, आणि पुढचे तास-दीड तासाने. गाळून उरलेल्या मुगांना फोडणी दिली की घरातील इतरांची न्याहारी होते आणि काही वाया जात नाही.

आयुर्वेदातही शोधनानंतर मंद झालेल्या अग्नीला एकदम जड अन्न देत नाहीत. मंड, पेया, विलेपी, यूष अशा पायऱ्यांनी आहार वाढवण्याचा संसर्जन क्रम सांगितला आहे, आणि मुगाचे यूष त्यातील प्रसिद्ध पथ्य होय. दीर्घ उपवासानंतर अचानक भरपेट खाल्ल्यास रक्तातील क्षारांचा तोल बिघडू शकतो, हे आधुनिक वैद्यकही सांगते. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा नियमित औषधे घेणाऱ्यांनी तपाचे पचक्खाण घेण्यापूर्वी आणि पारण्यापूर्वीही डॉक्टरांचा सल्ला घेतला पाहिजे.

पारणे नसतानाही हे पाणी सायंकाळच्या चौविहारास उत्तम आहे. सोललेली मूगडाळ, दुधीच्या फोडी, दोन आमसुले, हिंग-जिऱ्याची फोडणी असे त्याचे सार करावे. त्यात कच्चे दही वा ताक घालू नये. कडधान्याशी त्याचा संयोग द्विदल होतो. सार सूर्यास्तापूर्वी घ्यावे आणि शेवटी वाटी धुऊन ते पाणीही पिऊन टाकावे. उष्टे ४८ मिनिटांहून अधिक काळ राहिल्यास त्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, म्हणून थाळी धुऊन पिण्याची आपली रीत आहे. येथेही काळ पुन्हा एका मुहूर्ताचाच.

त्या दिवशी मुलगा बाजारात उशिरा पोहोचला. ज्या शेतकऱ्याचा माल दरवर्षी त्यांच्याच आडतीवर उतरत असे, त्याची गाडी वाट पाहून शेजारच्या आडतीवर उतरली होती. सायंकाळी ही बातमी सांगताना मुलगा चाचरला. गृहस्थांनी विचारले, “किती पोती होती?” मुलाने आकडा सांगितला. त्यांनी मनाशी आडतीचा हिशेब केला. तोटा लहान नव्हता.

“त्या शेतकऱ्याला उद्या फोन करून खमवून घे. आपण वाट पाहायला लावली,” ते म्हणाले. दहा मिनिटांविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही.

रात्री पत्नी पाणी मागायला उठणार नव्हत्या, चौविहार होता. तरी गृहस्थ त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसले आणि हात जोडून म्हणाले, “मिच्छामि दुक्कडम्.”

“काल झालं की.”

“काल पायऱ्यांवर म्हटलं होतं.”

पत्नी काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीही हात जोडले, या वेळी उठून बसून.

त्या घरात आता सायंकाळच्या जेवणाला सर्वांचे भ्रमणध्वनी डब्यांच्या फडताळात जातात. गुरुवारी सार गृहस्थ करतात. मीठ कधी कमी पडते, कधी जास्त, आणि कोणी काही बोलत नाही. नव्या वर्षाचे जैन पंचांग हाती आले, तेव्हा त्यांनी प्रथम बाजाराच्या सुट्ट्या पाहिल्या, कारण ती सवय सुटणारी नाही. त्यानंतर भाद्रपदाचे पान उघडून संवत्सरीच्या पुढच्या दिवसावर पेन्सिलीने खूण केली आणि शेजारी एकच शब्द लिहिला. मूग.